पावसानं काच घाण होत नाही

पाऊस उघडला की लख्खकाकांच्या घरचा फोन वाजायला लागायचा, आणि फोन वाजायला लागला की काकूंचं डोकं दुखायला लागायचं. पहिला फोन काका सबुरीनं घ्यायचे. दुसऱ्याला आवाज चढायचा. तिसरा वाजला की काकू स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घ्यायच्या, कारण पुढचं सगळं व्याख्यान त्यांना तोंडपाठ होतं.

"अहो काका, परवाच खिडक्या पुसून गेलात, आणि काल हा पाऊस! सगळ्यावर पाणी फिरलं की हो!"

"फिरलं तर फिरू दे. पाणीच आहे ना? पाण्यानं काच घाण होत नाही, धुतली जाते. घाण असते ती धूळ, आणि ती आधीच बसलेली असते. चौकटीवर असते, वरच्या कडेला असते, जाळीत असते. पाऊस बिचारा तिला ओली करून खाली आणतो. मी पुसलेल्या खिडकीच्या कडेला धूळ सापडली तर मला बोलवा, पुन्हा फुकट पुसून देतो. नाहीतर गुपचूप चहा प्या आणि काच वाळू द्या."

असं बोलून फोन ठेवायचा. गिऱ्हाईक आहे, जरा गोडीनं घ्यावं, असलं काही या माणसाला शिकवायला जाऊ नये. एकतीस वर्षं खिडक्या पुसत होता हा गडी. खरं नाव बँकेच्या पासबुकात तेवढं उरलं होतं. काम संपलं की शिडीवरून उतरायचं, चार पावलं मागं जायचं, मान तिरकी करून काचेकडं बघायचं आणि स्वतःशीच म्हणायचं, "लख्ख!" त्यावरून लोकांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

काम मात्र खरोखर लख्ख. आधी चौकटीची वरची कड, मग बाजू, मग काच. साबणाचं पाणी फिरवायचं, रबराची पट्टी वरून खाली एका दमात ओढायची, दर ओढीला रबर पुसायचं, आणि शेवटी कोपरे जुन्या सुती कापडानं टिपायचे. वरची कड पुसायला सगळे कंटाळतात. खालून ती दिसत नाही, हात भरून येतो, मान दुखते. कोरड्या दिवसांत कुणाला पत्ताही लागत नाही. पण पाऊस आला की त्या कडेवरची घाण ओघळून काचेवर येते आणि पुसणाऱ्याची लबाडी चव्हाट्यावर मांडते. मग ते कामचुकार गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगतात, "काय करणार साहेब, पावसानं झालं!" हे वाक्य ऐकलं की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पावसाच्या नावावर पावती फाडणाऱ्यांना ते धंद्यातली माणसंच मानत नसत.

एकदा एका दातांच्या डॉक्टरशी त्यांची यावरून चांगलीच जुंपली होती. काकांनी काय केलं, तर त्याच्या दवाखान्याची अर्धी काच पुसली आणि अर्धी तशीच ठेवली. तीन दिवसांनी पाऊस झाला. चौथ्या दिवशी डॉक्टर स्वतः बाहेर येऊन बघत उभा. पुसलेली बाजू आरशासारखी आणि दुसऱ्या बाजूला नुसते चिखलाचे ओघळ. तेव्हापासून तो डॉक्टर प्रत्येक पेशंटला दात उपटायच्या आधी ही गोष्ट सांगायचा. पेशंट काय, तोंड उघडंच, नाही कसं म्हणणार?

तर अशी खात्री. आणि खात्री खोटी होती असंही नाही. एकतीस वर्षं ती खरीच ठरत आली होती, हीच तर सगळी पंचाईत.

काकांची सगळी गिऱ्हाइकं एका बाजूला आणि शिवणबाई एका बाजूला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले म्हणून शिवणबाई. सत्तरी उलटलेली, जीभ कात्रीपेक्षा धारदार. चार वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून पडल्या आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत पलंग, पलंगासमोर एक मोठी अखंड काच, आणि त्या काचेतून दिसेल तेवढं जग. दार डोक्यामागं होतं, त्यामुळं कोण आलं तेही आधी आवाजावरून ओळखायचं. मुलगा नोकरीसाठी दूर, सहा महिन्यांनी एकदा यायचा. सून जवळ. ती सकाळी उजाडायच्या आधी कामाला जायची आणि दिवे लागल्यावर परत यायची. मधल्या वेळात दुपारी शेजारीण दोनदा डोकावून जायची. बाकी बाई आणि खिडकी.

पण बाई काही रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. खिडकीच्या उजेडात बसल्याबसल्या शर्टांना हातानं काजं करायच्या. एका दुकानातून गठ्ठा यायचा आणि आठवड्यानं परत जायचा. एक काज झालं की मान वर, एकदा बाहेर नजर, पुन्हा मान खाली. समोर रस्त्याचं वळण होतं, बसथांबा होता, बेकरीचं मागचं दार होतं. कुठली बस किती उशिरा येते हे त्यांना बसवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक. बेकरीवाल्याचं बायकोशी भांडण झालं की तो मागच्या दारात बसून सिगारेट ओढतो, आणि त्या दिवशीचा पाव जळका निघतो, हा शोधही त्यांचाच. सुनेला ताकीद असायची, "आज पाव आणू नकोस गं, स्वारी दारात बसली होती."

महिन्यातून एकदा काका बाहेरून शिडी लावायचे. काच उघडत नव्हती, मग दोघांचं बोलणं खाणाखुणांनी चालायचं. बाई आतून बोट दाखवायच्या. वर. अजून वर. डावीकडं. मग कपाळावर हात मारून घ्यायच्या, म्हणजे, अरे माझं डावं नाही, तुझं डावं! काकांच्या कामात खोट काढायची परवानगी उभ्या शहरात या एकाच बाईला होती. काम झालं की काका वर जाऊन अर्धा कप चहा प्यायचे आणि बाई त्यांना महिन्याभराच्या रस्त्यावरच्या बातम्या द्यायच्या. अकरा वर्षं हे चाललं होतं, त्यातली पहिली सात बाई स्वतः चहा करून द्यायच्या.

त्या खिडकीवरचा छज्जा चिरला होता. तो दुरुस्त केला काकांच्या मेव्हण्यानं. मेव्हणा गवंडी. कामाला चोख, पण बडबड्या. शुक्रवारी त्यानं नवं सिमेंट चढवलं, सोमवारी काकांनी जाऊन काचेवरचे सिमेंटचे शिंतोडे काढले, काच पुसली, वर बघून म्हणाले, "मेव्हण्यानं हात बरा मारलाय." मंगळवारी पाऊस आला. चांगला दिवसभर पडला.

बुधवारी सकाळी फोनवर फोन. काकांनी पाच जणांना व्याख्यान दिलं. सहावा फोन शिवणबाईंचा.

"अरे लख्ख्या, काच धुरकट दिसतेय रे. पांढरं पांढरं काहीतरी आहे."

"बाई, तुम्हीसुद्धा?" काका हसले. "मला वाटलं होतं जग उलटं झालं तरी तुम्ही असं म्हणणार नाही. पाऊस आहे, वाळू द्या. पावसानं काच घाण होत नाही."

"ते मला माहीत आहे रे. तूच शिकवलंयस."

"मग झालं तर!"

शनिवारी पुन्हा फोन आला. मधल्या दिवसांत ऊन पडलं होतं, एक सर येऊन गेली होती, पुन्हा ऊन.

"वाळली रे काच. तरी तसंच दिसतंय. बसचा नंबर वाचता येत नाही मला."

काका तेव्हा शिडीवर होते, एका हातात पट्टी, फोन कानाखाली दाबलेला, खाली एक गिऱ्हाईक हुज्जत घालत उभं. ते म्हणाले, "बाई, मी स्वतः पुसलीय ती काच, वरच्या कडेसकट. आता काच नाही, चष्मा पुसा!"

आणि मोठ्यांदा हसले. पलीकडं बाईही थोड्या हसल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. एकदा जेवताना काकांना त्याची आठवणही झाली आणि ते काकूंना म्हणाले, "बघ, शिवणबाईंचा पुन्हा फोन आला का? नाही आला. वाळली काच, गेली शंका. मी सांगतो ते उगीच नसतं."

काकू म्हणाल्या, "जाऊन बघून का येत नाही एकदा? जवळच तर आहे."

"पाळी आली की जाईनच की. एकाला गेलो की सगळे बोलावतील."

काकूंनी त्यांच्या पानात आमटी वाढली. एकतीस वर्षं त्याही ऐकतच आल्या होत्या.

पावसाला तीन आठवडे होत आले तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी मेव्हणा बहिणीकडं आला. चहा घेतला, इकडची तिकडची चार घरं उकरली, आणि मग म्हणाला, "दाजी, ती शिवणबाईंची काच तेव्हा लगेच धुतलीत ना?"

"कधी?"

"अहो, पावसानंतर! मी छज्जा केला आणि चार दिवसांत पाऊस आला की. नव्या सिमेंटचं पाणी ओघळतं, त्यात चुना असतो. काचेवर बसला आणि ऊन लागलं की खातोय काचेला. मी तुम्हाला काय सांगावं? मागं त्या शाळेच्या इमारतीला तुम्हीच माझ्या माणसांना दम दिला होता, नवं प्लास्टर आहे, पाऊस आला की मला त्याच दिवशी बोलवा म्हणून."

काकांच्या हातातला कप तसाच राहिला. सांगितलं होतं, अगदी असंच सांगितलं होतं. सहा वर्षांपूर्वी त्या शाळेच्या पंधरा खिडक्या त्यांनी पावसातच, डोक्यावर पोतं घेऊन, व्हिनेगर लावून धुतल्या होत्या, आणि एका काचेलाही डाग राहू दिला नव्हता. माहीत होतं, सगळं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. बाईंचा फोन आला तेव्हा डोक्यानं काही विचार करायच्या आत तोंडातून नेहमीचं वाक्य बाहेर पडलं होतं. पाऊस काच घाण करत नाही. अहो, पण वर नवा छज्जा आहे, आणि तो तुम्ही दोनच दिवसांपूर्वी डोळ्यांनी बघितलाय, त्याचं काय?

"दाजी? धुतलीत ना?"

"शिडी टाक गाडीवर," काका म्हणाले.

"अहो, आज रविवार..." काकूंनी सुरुवात केली, आणि नवऱ्याचा चेहरा बघून गाडीची किल्ली पुढं केली.

मेव्हण्याला त्यांनी वाटेतच उतरवलं. तो येतो म्हणत होता, पण काकांना त्याची बडबड नको होती. इमारतीपाशी आले, वर न जाता आधी शिडी लावली. म्हटलं, आधी बघू तर काय झालंय. कदाचित निघेल. तीन आठवडे म्हणजे काही फार नाही, असं स्वतःला समजावत चढले.

काचेवर वरपासून खालपर्यंत पांढुरक्या धारा होत्या, आणि धारांच्या मध्ये दूध सांडून पुसल्यासारखी साय. काकांनी पाणी मारलं. ओली झाल्यावर काच क्षणभर स्वच्छ दिसली आणि त्यांच्या जिवात जीव आला. वाळली, पुन्हा तसंच. व्हिनेगर लावलं, पंधरा मिनिटं ठेवलं, घासलं. थोडी साय निघाली, धारा तशाच. बारीक पावडर घेतली, ब्लेड फिरवलं. मग हातमोजा काढून त्यांनी नखानं काच चाचपली. खरखर लागली. डाग काचेवर नव्हताच, काचच खाल्ली गेली होती. आता जगातलं कुठलंही फडकं तिला पुसू शकणार नव्हतं. पहिल्या फोनला आले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. दुसऱ्या फोनला आले असते तरी बहुतेक निघालं असतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. काच जाड, आवाज दबका, पण ऐकू आला.

"कोण आहे? कोण आहे रे तिथं?"

काकांनी आत बघितलं. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर शर्ट नव्हता, सुई नव्हती. दोन्ही हात चादरीवर ठेवलेले. डोळे बारीक करून त्या थेट काकांच्या तोंडाकडं बघत होत्या आणि त्यांना ओळखत नव्हत्या. अकरा वर्षं ज्या बाईनं काचेतून त्यांची डावी-उजवी बाजू काढली, ती विचारत होती, कोण आहे.

काकांनी हात हलवला. बाईंनी मान बाजूला वळवली आणि डोळे मिटले.

काका शिडीवरून उतरले. खाली सून उभी होती, हातात भाजीची पिशवी. हिचा एकच सुटीचा दिवस, तोही बाजारहाटात जायचा.

"अगंबाई, काका! बरं झालं आलात. मी तुम्हाला फोन करणारच होते. पुढचे काही महिने खिडकी राहू द्या. आईंना आता काही उपयोग नाही तिचा."

"का? काय झालं?"

"डोळे गेले हो त्यांचे." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "लांबचं काही दिसत नाही. आधी त्या काचेलाच नावं ठेवत होत्या. मग तुम्ही फोनवर सांगितलंत ना, काच स्वच्छ आहे म्हणून? तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या आईचं असंच झालं होतं म्हणे, आधी धुकं आणि मग काहीच नाही. मीसुद्धा आतून पुसून बघितली काच. फडक्याला कणभर काही लागलं नाही. मलाही जरा धूसर वाटत होती, पण माझा चष्मा हा असा, आणि रविवारी सकाळी मला तरी कुठं वेळ असतो बघायला? शिवाय तुमच्यापुढं आमचं काय शहाणपण! उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेणार आहे. दोन माणसं सांगितलीत खुर्ची उचलायला." आणि मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि खरोखर हात जोडले. "तुमचे उपकार आहेत काका. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही काचेलाच दोष देत बसलो असतो."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते काकांना त्या पायरीवर कळलं.

"आणि काजं?" त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"आईंनीच दुकानाला नको म्हणून कळवलं, डोळे जाताहेत तर टाका चुकायच्या आधी थांबते म्हणाल्या. तीनच दिवस झाले असतील. त्यांनी लगेच दुसरी बाई बघितली."

आता खोटं बोलायचं ठरवलं असतं तर वाट अगदी मोकळी होती. काका पक्के धंदेवाले, त्यांना ती तिथल्या तिथं दिसली. म्हणायचं, काच जुनी झालीय, बदलून देतो. उद्या डॉक्टर सांगेल डोळे ठीक आहेत, परवा नवी काच बसेल, सगळे म्हणतील औषधानं गुण आला. कुणाला कळतंय? किंवा सरळ म्हणायचं, काय करणार, पावसानं झालं. आणि त्यात खोटं तरी काय होतं? चुना पावसानंच तर खाली आणला होता. एकतीस वर्षं ज्या वाक्यावर ते थुंकत आले, ते आज जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, आणि पहिल्यांदाच ते गोड लागत होतं. काका बराच वेळ शिडीला धरून उभे राहिले. सुनेला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटतंय. वाटतच होतं, पण तिला वाटत होतं तसं नाही.

"वर चल," शेवटी ते म्हणाले. "मला बाईंशी बोलायचंय. तुझ्यासमोरच."

खोलीत शिरताच बाईंनी विचारलं, "कोण? लख्ख्या का? पायाच्या आवाजावरून ओळखलं. मघाशी शिडीवर तूच होतास होय? वाटलंच मला. दिसलास मात्र नुसता भुतासारखा."

"बाई, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

बाई हसल्या. "तू डॉक्टर कधी झालास?"

"काच गेलीय. वरच्या नव्या छज्ज्याचं पाणी उतरलं, त्यातल्या चुन्यानं काच खाल्ली. तुम्ही फोन केलात तेव्हाच धुवायला हवी होती. हे मला माहीत होतं, बाई. असं होतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी आलो नाही. फोनवर थट्टा केली."

सुनेच्या कपाळावर आठी पडली, मग ती काचेपाशी जाऊन नाक लावून बघायला लागली. बाई मात्र हलल्या नाहीत.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस," त्या म्हणाल्या. "माझ्या आईलाही सगळे असंच सांगायचे."

कसं पटवायचं? काका खोलीभर बघायला लागले. समोर काच, तिन्ही बाजूंना दोन-चार पावलांवर भिंती. लांबचं बघायला या बाईला त्या एका काचेशिवाय काही नव्हतंच. मग त्यांची नजर दारावर गेली.

"पलंग फिरवू या," ते म्हणाले. "तू तिकडून धर."

दोघांनी मिळून पलंग ओढला. पाय फरशीवर किंचाळले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकलं. पलंग अर्धा फिरवून बाईंचं तोंड दाराकडं केलं, आणि काकांनी दार सताड उघडलं. बाहेर लांबलचक बोळ, बोळाच्या दुसऱ्या टोकाला शेजारणीचं दार, आणि त्या दारावर चिकटवलेला एक कागद.

"वाचा."

बाईंनी चष्मा काढला. चादरीच्या टोकानं पुसला. पुन्हा घातला. घाबरल्या होत्या, बघायलाच घाबरल्या होत्या.

"घंटा," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "घंटा बिघडली आहे. दार... दार जोरात वाजवा." आणि जरा वेळानं, "वाजवा-चा काना पुसट झालाय."

सुनेनं बोळात धावत जाऊन बघितलं. परत आली ती तोंडावर हात ठेवूनच. "आहे हो. पुसट झालाय."

काकांना वाटलं, आता या हसतील. निदान शिव्या तरी देतील. त्यांनी मनातल्या मनात त्या शिव्यांसाठी पाठ पुढं केली होती. पण बाई त्या कागदाकडंच बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसलंही नाही.

"एकोणीस दिवस," त्या म्हणाल्या. "तू चष्मा पुसा म्हणालास त्या दिवशी मी तो तीनदा पुसला. साबणानं धुतला. मग म्हटलं, लख्ख्या खोटं सांगणार नाही. आता आपलीच पाळी आली."

"आई, मला का नाही बोललात तेव्हाच?" सून म्हणाली. "आठवडाभर लपवून ठेवलंत माझ्यापासून."

"बोलून काय करणार होते? तुझं काम सुटलं असतं." बाईंनी तिच्याकडं बघितलं. "रोज संध्याकाळी तुला जवळ बोलवायचे ना मी? दिव्याखाली बस म्हणायचे?"

"हो. आणि नुसत्या बघत राहायच्या. मी एकदा चिडलेसुद्धा, काय बघता सारखं म्हणून. उठून गेले."

"तुझं तोंड पाठ करत होते गं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, पुढं आवाज ऐकला की तोंड आठवायला हवं. लेकाचं नीट आठवेना मला. फोटो किती दिवस पुरणार? म्हणून म्हटलं, निदान तुझं तरी."

सून पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. काका दारात उभे होते. आत जायची त्यांची हिंमत होत नव्हती आणि बाहेर जाणं बरं दिसत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "नवी काच मी उद्याच्या उद्या बसवतो. दुकानात मी स्वतः जाऊन सांगतो, काजांचं काम परत द्या म्हणून. जे म्हणाल ते करतो. माफ करा मला."

बाईंनी सुनेच्या केसांवरून हात फिरवला. खूप वेळ फिरवत राहिल्या. मग त्यांनी काकांकडं बघितलं. एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा त्यांना काकांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि तो त्यांनी नीट बघून घेतला.

"करीन रे माफ," त्या म्हणाल्या. "आज नाही. आज तू जा."

काका बोळातून जिन्यापर्यंत आले आणि पायऱ्या उतरायला लागले. मागून पलंगाचा आवाज आला नाही. बाईंना अजून दाराकडंच तोंड करून बसायचं असावं.